जाडी ५०१ मायक्रॉन: चष्मा घालवायला आलेल्या एका तरुणाचं प्रकरण

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला २४ वर्षांचा सीएनसी ऑपरेटर. राहायला सिडकोत, घर दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग, सुट्टीच्या दिवशी फवारणीला हातभार. चष्मा सातवीपासून. गेली तीन वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स, त्याही रोज दहा-बारा तास. पीएसआयचा फॉर्म भरायचा आणि त्याआधी लेसरने नंबर घालवायचा, एवढीच त्याची मागणी होती. सोबत आलेल्या आईचं म्हणणं त्याहून सोपं होतं: "माझ्या भाच्यानं केलं ना डॉक्टर. दुपारी झालं, दुसऱ्या दिवशी कामावर गेला. याचंबी तसंच करून द्या."

याचं 'तसंच' का होऊ शकलं नाही आणि जे झालं ते कोणत्या आकड्यांवर ठरलं, ते इथे मांडलं आहे. प्रकरण प्रातिनिधिक आहे. एका माणसाची ओळख पटावी असं त्यात काही नाही, आणि मापं अशा रुग्णांत नेहमी दिसतात त्याच पट्ट्यातली घेतली आहेत.

पहिली भेट: नकाशा बिघडलेला

एप्रिलअखेर, बागेची खरड छाटणी उरकल्यावर तो आला. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.५०, सिलिंडर उणे ०.७५. डाव्याचा उणे ४.२५, सिलिंडर उणे १.५०. चष्म्यातून दोन्ही डोळ्यांनी ६/६. वर्षभरापूर्वीचा कागद त्याच्याकडे होता आणि फरक पाव नंबराचा होता. गेल्या वर्षात नंबर अर्ध्या नंबरापेक्षा जास्त सरकला असेल, तर लेसरचा विचार तिथेच थांबतो. जुना कागद आणा म्हटलं की निम्मे लोक "दुकानातून नंबर काढला होता, चिठ्ठी हरवली" म्हणतात. अशा वेळी जुना चष्मा घेऊन यावा. काचेचा नंबर यंत्रावर मोजता येतो.

मग कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक थराचा नकाशा काढला. उजवा ठीक. डाव्या डोळ्यात खालचा भाग वरच्यापेक्षा १.६ डायॉप्टरने (डायॉप्टर म्हणजे नंबर मोजायचं एकक) जास्त उभार. कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. याचा सर्वांत पातळ ठिकाणी उजवीकडे ५०८, डावीकडे ५०१.

खालचा भाग १.४ पेक्षा जास्त उभार असला की केराटोकोनसची शंका घ्यावी लागते. केराटोकोनस म्हणजे कॉर्निया पातळ आणि कमकुवत होत शंकूसारखा पुढे येणं. अशा डोळ्यावर लेसर मारणं म्हणजे गळक्या धाब्याची स्लॅब आणखी तासणं. नंबर वर्षभर जाईल, पण नंतर कॉर्निया फुगायला लागतो आणि चष्म्यानेही सरळ न होणारी दृष्टी उरते. याला एक्टेशिया म्हणतात. लेसरच्या सगळ्या गुंतागुंतींमध्ये धास्ती घ्यावी अशी हीच.

त्यात विचारल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. फवारणीच्या दिवसांत डोळे खाजतात आणि तो ते बोटांच्या सांध्यांनी, मूठ वळवून चोळतो. आई लगेच म्हणाली, "लहानपणापासून चोळतो. कितीदा सांगितलं." कॉर्निया कमजोर होण्यामागे डोळे चोळणं हे एक ठळक कारण आहे. नाशिकच्या कोरड्या, धुळीच्या एप्रिल-मेमध्ये ॲलर्जीवाल्या मुलांमध्ये ही सवय इतकी दिसते की आई-वडिलांना ती खोड वाटते, आजार वाटत नाही.

इथे दोन शक्यता होत्या. एक, डाव्या डोळ्यात खरोखरच केराटोकोनसची सुरुवात. दोन, लेन्सचा दाब. तो आदल्या रात्री अकरापर्यंत टोरिक, म्हणजे सिलिंडरवाल्या सॉफ्ट लेन्स घालून होता. लेन्स जिथे टेकते, त्या जागी कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा केराटोकोनससारखा दिसू शकतो. एक धागा मात्र हाताशी होता. कॉर्नियाची मागची बाजू दोन्ही डोळ्यांत व्यवस्थित होती. लेन्स पुढचा पृष्ठभाग बिघडवते, मागच्याला फारसं काही करत नाही. केराटोकोनसची खूण मात्र पुष्कळदा मागच्या बाजूलाच आधी उमटते.

निर्णय: लेन्स पूर्ण बंद. साध्या सॉफ्ट लेन्सला एक ते दोन आठवडे पुरतात, टोरिकला किमान दोन, सेमी-सॉफ्टला तीन-चार. याला तीन आठवडे दिले. "लग्नापुरती एक दिवस घातली तर?" असा प्रश्न आला. एक दिवस घातली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

तीन आठवड्यांनी डाव्याचा वर-खाली फरक ०.५ वर आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा नकाशा काढला, तोही तसाच. दोन नकाशे जुळले, तेव्हाच लेन्सचा परिणाम गेला असं धरलं. नंबरही हलला होता. डावा आता उणे ४.७५, सिलिंडर उणे १.००. पहिल्याच दिवशी भाच्यासारखं 'करून दिलं' असतं, तर चुकीच्या नंबरवर, चुकीच्या सिलिंडरवर लेसर चालला असता.

दुसरा नकाशा सुधारला नसता, तर लेसर बाद. मग बुबुळाच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायची कायमची लेन्स, आयसीएल, एवढाच मार्ग राहिला असता. तोही केराटोकोनस नाही किंवा तो थांबलेला आहे, हे पक्कं झाल्यावर. त्यात कॉर्निया तासला जात नाही. पण डोळ्याच्या आत शिरावं लागतं आणि खर्च लेसरच्या बराच वर जातो.

पडदा पाहताना सापडलेलं छिद्र

नंबर पक्का करायला सायक्लोपेंटोलेट, म्हणजे डोळ्याचा आतला ताण काही काळ सैल करणारे आणि बाहुली मोठी करणारे थेंब, टाकून तपासणी झाली. तरुण डोळा आतून ताण देऊन नंबर वाढवून दाखवतो. याच्या डाव्या डोळ्यात थेंबांआधी उणे ५.०० दिसत होता, थेंबांनंतर ४.७५ निघाला. थेंब टाकल्यावर दिवसभर जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. तो ॲक्टिवा घेऊन एकटाच आला होता. त्याला परत पाठवलं आणि भावासोबत बोलावलं. मुंबई नाक्याच्या चौकात मोठ्या झालेल्या बाहुल्या घेऊन दुचाकी चालवणं, हा धोका शस्त्रक्रियेपेक्षा मोठा.

त्याच वेळी डोळ्याच्या आतला मागचा पडदा, रेटिना, अगदी कडेपर्यंत पाहिला. उजव्या डोळ्यात बाहेरच्या वरच्या बाजूला पडदा जाळीदार, विरलेला होता आणि त्यात एक बारीक गोल छिद्र. उणे नंबरचा डोळा लांबट असतो, त्यामुळे पडदा ताणला जातो. प्रत्येक विरळ जागेला लेसर लागतोच असं नाही. इथे छिद्र होतं आणि पुढे डोळ्यावर प्रक्रिया व्हायची होती, म्हणून पडद्याच्या डॉक्टरांनी भोवती हिरव्या लेसरचे टिपके मारून कुंपण घातलं. मग तीन आठवडे थांबणं आलं.

त्याला एक गोष्ट दोनदा सांगितली गेली, ती इथेही तिसऱ्यांदा सांगायला हरकत नाही. नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो. काजवे चमकले, काळे ठिपके अचानक वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, तर चष्मा नसला तरी त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं.

हिशेब

कॉर्निया किती तासला जाईल याचा ढोबळ हिशेब कुणालाही करता येतो. लेसरच्या पट्ट्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, तीनने भागायचं. तेवढे मायक्रॉन दर एका नंबराला जातात. ६.५ मिलिमीटरला ते १४ येतात. डाव्या डोळ्याचा नंबर सिलिंडर धरून ५.७५, म्हणजे साधारण ८१ मायक्रॉन. कडा हळुवार मिसळाव्यात म्हणून यंत्र थोडं जास्त घेतं. यंत्राने डावीकडे ८८ आणि उजवीकडे ८१ दाखवले.

लॅसिक या नेहमीच्या लेसर पद्धतीत याशिवाय वरून ११० मायक्रॉनची झडप, म्हणजे फ्लॅप, उचलावी लागते. फ्लॅप परत ठेवला तरी तो पूर्वीसारखा ताण घेत नाही. मजबुतीच्या हिशेबात तो गेलाच.

डावा डोळा, लॅसिक: ५०१ वजा ११० वजा ८८, उरले ३०३. किमान २५० हवेत असा जुना दंडक, आणि ३०० ठेवावेत असं आता बरेच जण मानतात. त्यात हे बसतं. पण दुसरं माप असं की, एकूण जाडीपैकी किती टक्के भाग कमजोर होतो? ११० आणि ८८ मिळून १९८, ते ५०१ च्या ३९.५ टक्के. ४० च्या पुढे एक्टेशियाचा धोका वाढतो. म्हणजे गडी उंबऱ्यावर उभा. वय २४, कॉर्निया सरासरीहून पातळ, डोळे चोळायची सवय. कागदावर 'चालेल' म्हणणाऱ्या आकड्यावर अशा वेळी भिस्त ठेवू नये.

पीआरके ही दुसरी लेसर पद्धत घेतली तर फ्लॅप नाही. वरची पातळ साल, एपिथेलियम, साधारण ५० मायक्रॉन काढायची, आणि ती पुन्हा उगवते. ५० आणि ८८ मिळून १३८, म्हणजे २७.५ टक्के. खाली ३६३ मायक्रॉन शिल्लक. फरक सरळ आहे. किंमत दुसऱ्या बाजूने मोजावी लागते: तीन दिवस दुखतं, नजर स्थिरावायला महिना-दोन महिने लागतात, आणि थेंब लांबतात. स्माइल या तिसऱ्या पद्धतीचाही विचार झाला. त्यात फ्लॅप नसतो, पण आतून काढायची चकती लेसरने तासलेल्या थरापेक्षा थोडी जाडच निघते. ५०१ च्या कॉर्नियात पीआरकेच बरं ठरलं.

आईला ते पटायला वेळ लागला. "म्हणजे जुनं मशीन का?" पद्धत जुनी आहे, लॅसिकच्याही आधीची, आणि म्हणून हलकी नाही. भाच्याचा कॉर्निया ५५० चा असेल, नंबर तीनचा असेल. त्याला जे शोभलं, ते याला शोभेलच असं नाही.

विम्याचं उत्तर एका वाक्यात. ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यातून वगळलेला असतो, त्यामुळे दावा टाकण्यात अर्थ नव्हता. भरतीचं मात्र त्याला आधी पाहायला लावलं. पोलीस, सैन्यदल, रेल्वे यांचे नियम वेगळे. काही पदांना लेसर केलेला उमेदवार चालत नाही, काहींना शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ जावा लागतो. जाहिरात वाचायची ती लेसरआधी, नंतर नव्हे.

डोळा तयार करणं

अश्रूंची पट्टी पाच मिनिटांत डावीकडे १२ मिलिमीटर भिजली, ते ठीक. पण अश्रूंचा थर सात सेकंदांत फुटत होता, तो दहा सेकंद तरी टिकायला हवा. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या होत्या. महिनाभर रोज दहा मिनिटं गरम पाण्याच्या घडीचा शेक, मग कडेवर हलका दाब, कृत्रिम अश्रू दिवसातून चार वेळा, आणि खाजेसाठी ओलोपॅटाडिन दोन वेळा. खाज थांबल्याशिवाय चोळणं थांबत नाही. "चोळू नको" म्हणून कुणी थांबलेलं नाही.

तारीख मुद्दाम जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली धरली. पीआरकेनंतर कडक ऊन लागलं तर कॉर्नियावर पांढुरकी छटा, हेझ, येण्याचा धोका वाढतो. मेमधलं दिंडोरीचं ऊन नको होतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत तीन महिने मोकळे मिळत होते. पावसाळ्याचा एकच तोटा असतो. खोलीतली आर्द्रता वाढली की कॉर्निया ओलसर राहतो आणि लेसर कमी कापतो. म्हणून आर्द्रता शोषणारं यंत्र चालू ठेवून ती मर्यादेत आल्यावरच यंत्राचं कॅलिब्रेशन झालं.

टेबलावर

सेंट, डिओ, केसांना तेल नको, असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. सुगंधी वाफ लेसरच्या मार्गात येते. बसलेल्या अवस्थेत दोन्ही डोळ्यांवर आडव्या रेषेची खूण केली. आडवं झोपलं की डोळा आतल्या आत काही अंश फिरतो आणि सिलिंडरचा अक्ष चुकतो. एक अंश चुकला तर दुरुस्तीचा सुमारे ३ टक्के भाग वाया जातो. तीस अंश चुकला तर सिलिंडर जसाच्या तसा उरतो, नुसता अक्ष बदलून.

बधिर करणारे प्रोपॅराकेनचे थेंब, पोव्हिडोन आयोडिनने सफाई, पापण्यांना चिमटा. कॉर्नियावर छोटी गोल वाटी टेकवून त्यात २० टक्के अल्कोहोल २० सेकंद. ते टिपून थंड निर्जंतुक द्रावणाने धुतलं, आणि सैल झालेली साल बोथट अवजाराने बाजूला सारली. मग लेसर. हिरव्या दिव्याकडे बघत राहायचं एवढंच काम रुग्णाला असतं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ते संपतं. केस जळाल्यासारखा वास येतो आणि लोक घाबरतात. काहीही जळत नाही. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतो आणि तेवढाच थर वाफ होऊन जातो. १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर हा लेसर चालवून पाहिला होता. कडेला जराही करपलं नाही, हीच त्यातली नवलाई. तिथून तो डोळ्यापर्यंत पोचला.

लेसर झाल्यावर ०.०२ टक्के मायटोमायसिनमध्ये भिजवलेला स्पंज २० सेकंद ठेवला, हेझ टाळायला. हे औषध पेशींची वाढ थांबवतं, म्हणून वेळ अंदाजाने नव्हे, घड्याळ लावून मोजायची आणि नंतर भरपूर निर्जंतुक द्रावणाने धुवायचं. शेवटी बिननंबरची पट्टीसारखी लेन्स घातली. मग दुसरा डोळा.

घरी: चौथ्या दिवसाचा घोळ

थेंब असे होते: मॉक्सिफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) चार वेळा आठवडाभर, फ्लुओरोमेथोलोन (सौम्य स्टेरॉइड) ०.१ टक्के चार वेळा, कृत्रिम अश्रू दर तासाला, वेदनेसाठी केटोरोलॅक फक्त दोन दिवस. ते लांबलं तर जखम भरायला वेळ लागतो. दुसऱ्या रात्री दुखणं सर्वांत जास्त होतं आणि "बधिर करायचे ते थेंब द्या" असा फोन आला. ते घरी कधीच द्यायचे नसतात. बधिर डोळ्यावर साल नीट उगवत नाही आणि कॉर्निया विरघळण्यापर्यंत मजल जाते. गोळी, थंड घडी आणि अंधारी खोली एवढंच.

पहिल्या दिवशी दिसत होतं ६/१८. चौथ्या दिवशी ६/२४, म्हणजे आणखी कमी. घरच्यांचा धीर इथे सुटतो. कारण साधं आहे: साल कडेने उगवत मध्यभागी येऊन जुळते, आणि तो सांधा नेमका नजरेच्या मध्यावर असतो. तो गुळगुळीत व्हायला वेळ लागतो. पाचव्या दिवशी लेन्स काढली. आठवड्याने ६/१२, महिन्याने ६/९. महिन्याअखेर नंबर अधिक ०.५० निघाला. पीआरकेत सुरुवातीला थोडं पलीकडे जाणं अपेक्षित असतं, ते पुढे उतरतं.

डोक्यावरून आंघोळ आठवडाभर बंद. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकची प्रदक्षिणा घरात ठरलेली. जायला हरकत नव्हती, पण कुशावर्तात डोकं बुडवायचं नाही, असं सांगितलं. साचलेल्या पाण्यात अकांथामीबा हा एकपेशीय जीव असू शकतो आणि स्टेरॉइडच्या थेंबांवर असलेल्या कॉर्नियात तो शिरला तर काढता काढता वर्ष जातं. पाणी कपाळाला लावून काम भागलं.

आठवा आठवडा

महिन्याच्या तपासणीत डोळ्याचा दाब दोन्हीकडे १३ होता. आठव्या आठवड्यात उजवीकडे २६, डावीकडे २८. कॉर्निया पातळ केल्यावर दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे खरा आकडा याहूनही वरचा. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, तक्रार शून्य.

बाटली मागवली तेव्हा उलगडा झाला. फ्लुओरोमेथोलोन गावातल्या औषधाच्या दुकानात संपलं होतं. "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेले थेंब मिळाले. ते तो महिनाभर चार वेळा टाकत होता, वास्तविक दुसऱ्या महिन्यात दोनदाच टाकायचे होते. डेक्सामेथासोन जास्त तीव्र आहे आणि त्याने दाब चढण्याची शक्यताही जास्त. हेझची धास्ती म्हणून पीआरकेला स्टेरॉइड लांबवावं लागतं, आणि त्याचीच ही दुसरी बाजू. लॅसिकच्या आठवडाभराच्या थेंबांत हा प्रश्न क्वचितच येतो.

स्टेरॉइड लगेच बंद केलं. दमा नाही हे विचारून दाब उतरवणारं टिमोलोल ०.५ टक्के दोन वेळा सुरू केलं. दमेकऱ्याला हे थेंब धाप लावू शकतात. डोळ्याच्या नसेचा ओसीटी, म्हणजे थरांचा स्कॅन, काढला, नस शाबूत होती. तीन आठवड्यांत दाब १३ आणि १४. टिमोलोल हळूहळू कमी करून थांबवलं. कॉर्नियावर अगदी पुसट छटा उरली होती, तीही पुढे विरली. त्यानंतर चिठ्ठीवर औषधाचं नाव, टोपणाचा रंग आणि 'बदली चालणार नाही' असं मराठीत लिहून दिलं.

तीन महिन्यांनी दोन्ही डोळ्यांनी ६/६, नंबर उजवीकडे शून्य, डावीकडे उणे ०.२५. नकाशा सपाट आणि मध्यावर. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच्या फवारणीसाठी बाजूंनी बंद असलेला गॉगल, उन्हासाठी अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा, आणि नकाशा सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. चाळिशीत वाचायचा चष्मा लागेल, हेही लिहून दिलं. लेसरने तो टळत नाही.

शेवटी एक कागद: शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाच्या वक्रतेची मापं, जाडी, किती मायक्रॉन काढले, तारीख. साठीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर याच आकड्यांवर काढावा लागेल. लेसर झालेल्या डोळ्यावर नेहमीचा हिशेब चुकतो. हा कागद मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल दहा वेळा बदलतात. आईने तो घडी घालून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवला.